पलीकडचा पाळणा

१

थोरलीचा लिहिण्याचा नेम साधा होता. सकाळी उठून चहा करायचा, कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि लिहायला बसायचं. चहा निवून गेला की पुन्हा गरम करायचा, पुन्हा निवू द्यायचा. चहा गरम असतानाच संपला, तर समजावं की आज काही सुचत नाहीये.

पुस्तक मुलांसाठी होतं. रस्ता संपतो त्याच्याही पुढे वसलेल्या एका आडगावात दोन भावंडं कशी वाढली, त्याची गोष्ट. त्यातली एक ती आणि दुसरा तिचा भाऊ. गावात दोघांना नावाने कधी कोणी हाक मारलीच नाही. थोरली आणि धाकटा, एवढ्यावर काम भागायचं. पुढे शहरात शिकायला गेले, नोकऱ्या लागल्या, केस पिकले, तरी ती थोरलीच राहिली आणि तो धाकटाच. दोघांचेही संसार झाले नाहीत. एका छताखाली, एकमेकांच्या खोड्या काढत त्यांनी वर्षं काढली.

पुस्तकाचं ठरलं होतं ते असं, की आठवायचं त्याने आणि लिहायचं तिने. धाकट्याला सगळं आठवायचं. कोणत्या शेळीचं शिंग मोडकं होतं, शाळेचं छप्पर कोणत्या कोपऱ्यात गळायचं, गुरुजी खोटं खोटं खोकायचे तेव्हा कसे खोकायचे. तिला नुसती वाक्यं जमायची.

"तू विहीर, मी पोहरा," ती म्हणायची.

"पोहरा जपून सोड. तळाला बेडूक आहेत," तो म्हणायचा.

मग विहीरच आटली. धाकटा आजारी पडला, बराच काळ पडून राहिला, आणि गेला. पुस्तक एका प्रकरणावर अडलं. ते प्रकरण पाळण्याचं होतं. शहरातल्या खोलीत बसून ते होईना, तेव्हा थोरलीने पिशवी भरली, शेवटच्या थांब्यापर्यंत बसने आली, पुढचा चढ पायी चढली आणि वडिलांच्या बंद घराचं कुलूप उघडलं.

पहिल्या सकाळी तिने खिडकी उघडली. समोर दरी होती, दरीवर तार होती. सगळं जागच्या जागी होतं. तिने कप कट्ट्यावर ठेवला, दोन ओळी लिहिल्या आणि सहज पुन्हा वर पाहिलं.

पाळणा पलीकडच्या काठाला होता.

२

पाळणा म्हणजे झोपायचा पाळणा नव्हे. दरीच्या या काठाला गाव, त्या काठाला एक वाडी, आणि मध्ये खाली कुठेतरी नदीचा नुसता आवाज. दोन्ही काठांना बांधलेल्या जाड तारेवर एक लाकडी खोकं लोंबायचं. त्यात बसायला आडवी फळी. या काठाला एका खोलीत मोठा रहाट, त्याला दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी दांडा. दांडा फिरवला की दोर ओढला जायचा आणि खोकं ये-जा करायचं. तो दोर पलीकडच्या कप्पीतून फिरून परत यायचा, म्हणून नेणं-आणणं सगळं याच बाजूने. वाडीची माणसं, त्यांची पोती, आजारी म्हाताऱ्या, नव्या नवऱ्या, सगळे या रहाटाच्या भरवशावर. तिचे वडील रहाटवाले होते.

पुढे बऱ्याच वर वळणावर पूल झाला. वाडी उठून पुलापाशी गेली. पलीकडे आता पडक्या भिंती आणि झाडी. पाळणा बंद झाला, तेव्हा वडिलांनी तो या काठाला आणून, रहाटाला खुंटी घालून ठेवला होता. खुंटी घातली की दांडा हलत नाही. म्हणजे पाळणा इथेच असायला हवा होता.

दूध घेऊन काकू आली, तेव्हा थोरलीने विचारलं. काकू म्हणजे वडिलांच्या जोडीने दुसरा दांडा फिरवायच्या माणसाची बायको. नवरा तापाने पडला की तिनेही दांडा धरलेला. आता शेजारच्या घरात एकटीच राहायची, आणि सवयीने अजूनही रहाटाला तेल घालायची.

"काकू, पाळणा पलीकडे कुणी नेला?"

"मला काय विचारतेस? मी काय त्यात बसून माहेरी जाते?"

"तसं नाही. पण खुंटी..."

"खुंटी काढलेली असते. खिडकीत ठेवलेली. नीट, फडक्यावर." काकूने दुधाचं भांडं खाली ठेवलं. "आधी मी आणायची ओढून. म्हटलं वारा असेल, पोरंटोरं असतील. आणला की दुसऱ्या दिवशी परत तिकडंच. मग सोडून दिलं. म्हटलं, जिथं बरं वाटतं तिथं राहा बाबा."

"इथे पोरंटोरं आहेत कुठे आता?"

"तेच तर. घरटी एकेक म्हातारं, आणि त्यांना स्वतःच्या गुडघ्यांचं ओझं पेलवेना."

"ओढलात तेव्हा रिकामाच आला ना?"

काकूने तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "रिकामाच. हलका. दर वेळी."

"आणि हे कधीपासून?"

काकू पदराने हात पुसत बसली. हात कोरडेच होते. "तुझा भाऊ गेल्याचा निरोप आला ना, त्या सुमाराला," ती म्हणाली. "दूध तापवून घे. तसंच ठेवशील आणि लिहीत बसशील, मग नासेल."

३

तार ताणलेली असली तरी मध्ये झोळ पडतोच. वडील त्याला पोट म्हणायचे. पलीकडून निघालेला पाळणा पोटापर्यंत उताराने आपसूक येतो. दांडा नुसता धरून ठेवायचा, की तो फिरत राहतो. तोवर पाळण्यात माणूस आहे, पोतं आहे की काहीच नाही, हे हाताला कळत नाही. पोट ओलांडलं की चढ लागतो, आणि ओझं एकदम हातात येतं.

वडिलांचा नियम एकच. पोटाच्या आधी वाटलं तर सोडा, थांबा, पाणी प्या. पोट ओलांडल्यावर सोडायचं नाही. सोडलं तर पाळणा मागे घरंगळत पोटात जाऊन पडतो आणि आत बसलेला माणूस मधोमध, दरीवर लटकत राहतो. पाठीत उसण भरो, डोळ्यांत माशी जावो, घराला आग लागो. काठावरच्या धक्क्याला पाळणा लागेपर्यंत आणि खुंटी घालेपर्यंत दांडा सुटता कामा नये.

दोघांनाही त्यांनी हे लहानपणीच शिकवलं. आणि आणखी एक शिकवलं. पाळण्याकडे पाठ करून उभं करायचे आणि विचारायचे, "सांगा, काय येतंय?" हळूहळू हातांना कळू लागलं. शेळी धडपडते. पाण्याचा हंडा डुचमळतो. माणूस कितीही शांत बसला, तरी श्वास घेतो, बूड सरकवतो, खाली बघायला वाकतो. ते सगळं दोरातून दांड्यात आणि दांड्यातून तळव्यात येतं. "माणूस बोलतो," वडील म्हणायचे. "पोतं बोलत नाही."

एकदा वाडीतला एक जण गेला आणि त्याला या बाजूला आणायचं होतं. ती दांड्यावर होती. तिने हाताने ओळखून सांगितलं, "पोतं." वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

हे सगळं तिने त्या दिवसांत लिहून काढलं, शेवटचं सोडून. मुलांच्या पुस्तकात ते बसत नव्हतं. चहा निवत होता, म्हणजे लिखाण बरं चाललं होतं. मध्येच ती मान वर करून पलीकडे बघायची. पाळणा तिथेच, झाडीच्या कडेला, पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा निवांत.

दुपारी तिने रहाटाची खोली उघडून पाहिली. खोलीला दरीकडच्या बाजूने भिंत नव्हती. नुसता फळ्यांचा धक्का पुढे निघालेला. दोराला बांधलेला पत्र्याचा डबा अजून होता. आत खडे होते. पलीकडच्याने दोर हलवला की डबा खडखडायचा, तो ऐकून कुणीतरी दांड्यावर जायचं. खुंटी खिडकीत होती. फडक्यावर, टोक आतल्या बाजूला करून. टोक बाहेर राहिलं तर दव लागून गंजतं, म्हणून धाकटा ती नेहमी अशी ठेवायचा.

काकूनेच ठेवली असणार, थोरलीने स्वतःला सांगितलं. काकूही त्याच रहाटावरची. सवयी सगळ्यांच्या सारख्याच.

तिने खुंटी उचलली नाही. दार ओढून घेतलं.

४

संपादकबाई वयाने लहान होत्या आणि फोनवर फार उत्साहात बोलायच्या. गावात एकाच उंचवट्यावर फोन लागायचा. तिथे उभं राहून थोरलीने त्यांना ती दुपार सांगितली.

वडील तापाने फणफणलेले होते, आई त्यांच्या उशाशी. बाहेर इतकं दाट धुकं, की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. डबा खडखडला. दोघं भावंडं धावत गेली. ती या दांड्याला, तो त्या दांड्याला. पोटापर्यंत पाळणा आला, पोट ओलांडलं आणि हाताला ओझं लागलं. भरपूर जड. पण बोलत नव्हतं.

"पोतं आहे," ती म्हणाली होती.

"पोत्याने डबा कसा वाजवला?" धाकटा म्हणाला होता.

सोडायचं नाही म्हणजे सोडायचं नाही. रडकुंडीला येऊन दोघांनी ओढलं. धुक्यातून पाळणा निघाला. भरल्यासारखा खाली लोंबलेला, आणि आत कुणी नाही. फळी मोकळी. खुंटी घातली. ती कुरकुरत राहिली, ओझं पेलताना कुरकुरते तशी. मग पाळणा वीतभर वर उचलला गेला आणि कुरकूर थांबली.

"ताई, कोणीतरी उतरलं," धाकटा म्हणाला होता.

फोनवर संपादकबाई म्हणाल्या, "मॅडम, मस्त! अंगावर काटा आला. पण शेवटी काय होतं ते?"

"भिजलेला दोर. ओला दोर जड होतो. पाणी निथळलं, पाळणा उचलला गेला."

"हां, हे छान. म्हणजे विज्ञानही आलं. पालकांना बरं वाटतं. आणि तुमच्या भावाला पटलं का ते?"

"नाही," थोरली म्हणाली.

"आणि वडील?"

वडिलांनी अंथरुणातून एवढंच विचारलं होतं, "खुंटी घातली होती ना?" मुलांनी हो म्हटलं. "मग जे उतरलं ते नीट उतरलं," वडील म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

"वडील तापात होते," ती संपादकबाईंना म्हणाली.

५

त्या दुपारनंतर धाकट्याला एक सवय लागली. दारातून आत आला की तो लगेच दार लावायचा नाही. जरा बाजूला सरकून दार धरून उभा राहायचा. मागून कुणी हातात सामान घेऊन येत असावं, तसा. मग लावायचा. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही, तिथे दारं उघडीच असायची. शहरात मात्र आलं. थंडीच्या दिवसांत तो असा दार उघडं टाकून उभा राहिला की ती आतून ओरडायची, "काय रे, मागून वरात येतेय का?"

"वरात कसली, एकच आहे," तो म्हणायचा आणि हसायचा.

तो विनोदच होता. इतकी वर्षं तो विनोदच होता. तो खुर्चीत नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा, झोपताना दिवा ठेवायचा, एकटा कुठे प्रवासाला जाताना "आम्ही निघतो" म्हणायचा. घरातल्या माणसाच्या तऱ्हा असतात. आपण कुणी त्या जोडून बघत नाही.

आजारपणात त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तीच उचलायची. तो डावीकडे कलायचा. लहानपणी पाळण्यातही तो डाव्या कडेलाच बसायचा, खाली नदी दिसते का बघायला. आधी जड होता, मग हलका होत गेला. शेवटी शेवटी काखेत हात घातले की त्याचं सगळं ओझं तिच्या तळव्यांना पाठ झालेलं असे. उचलताना अर्ध्यावर तो विचारायचा, "पोट ओलांडलं का गं?"

"ओलांडलं. आता सोडत नाही."

गेला त्या सकाळी ती खाली औषधं आणायला गेली होती. वर आली, तेव्हा झालं होतं. एवढंच. कुणाचा दोष नव्हता. डॉक्टरही तेच म्हणाले. पण कुणी ओढायला नसताना तो मध्येच कुठेतरी राहिला असेल, हा वेडा विचार तिच्या मनातून जाता जात नव्हता. विचार वेडा आहे हे तिला कळत होतं. सुशिक्षित बाई होती ती. तरी रात्री दिवा मालवताना तिला वाटायचं, तो लटकलाय.

आणि तो गेल्यावर, घरात आलं की दार लगेच लागायचं. हात मागे जायचा, दार लागायचं, खट्. इतक्या वर्षांत तिला ठाऊकच नव्हतं, की त्या घराचं दार लागताना एवढा मोठा आवाज होतो.

६

धुकं दुपारी जेवणानंतर आलं. आधी पाळणा दिसेनासा झाला, मग पलीकडचा काठ, मग तार, आणि मग खिडकीबाहेर काही उरलंच नाही. वारा पडला होता. थोरली शेवटच्या पानावर होती. भिजलेल्या दोराचं वाक्य तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पेन खाली ठेवून चहाचा घोट घेतला. चहा गरम असतानाच संपला.

डबा खडखडला.

थोडासाच. कुणी दोराला हात लावून बघावा तसा.

वारा, ती म्हणाली. मग खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. वारा नव्हता. पक्षी बसला असेल दोरावर. उंदीर असेल डब्यात. काकू असेल, तेल घालत असेल. तिने कान दिला. शेजारून काकूच्या भांड्यांचा आवाज येत होता.

डबा पुन्हा वाजला. या वेळी नीट.

ती रहाटाच्या खोलीत गेली, तेव्हा दांडा किंचित मान हलवत होता. पलीकडे कुणी फळीवर बसलं की दोराला हिसका बसतो आणि दांडा असा मान हलवतो. तिने ते हजारदा पाहिलं होतं. धक्क्याच्या पुढे पांढरं, नुसतं पांढरं. तार त्यात शिरून नाहीशी होत होती.

तिने दोन्ही हातांनी दांडा धरला. थंड होता. प्रकरणासाठी, ती मनात म्हणाली. रिकामा पाळणा हाताला कसा लागतो, ते मुलांना नेमकं सांगता यायला हवं. पोटापर्यंत आणू. तिथे थांबू. तिथे थांबता येतं.

दांडा अलगद फिरू लागला. तेल घातलेला रहाट आवाजसुद्धा करत नव्हता. दोर हातभर, हातभर येत राहिला, डब्याचे खडे सरकत राहिले. हलका. नुसता हलका. तिला काकूचे शब्द आठवले आणि हसू आलं. मग तिला कळलं, की आपण हसतोय ते सुटल्यासारखं नाही. आपल्याला वाईट वाटतंय. रिकामा येतोय, याचं वाईट.

पोट जवळ आलं. दांडा जरासा अडला. थांबायचं तर इथेच.

ती थांबली. धुक्यात कुठे काही हललं नाही. खालून नदी ऐकू येत होती.

"आहेस का?" तिने विचारलं. आवाज तिचाच, पण लहानपणचा निघाला.

तिने एक वेढा आणखी ओढला.

७

ओझं हातात आलं.

जास्त नव्हतं. शेवटच्या महिन्यातलं होतं. तळव्यांनी ते तिच्या आधी ओळखलं. काखेत हात घालून उचलताना लागायचं तेवढंच, त्याच जागी, मनगटाच्या खालच्या बाजूला. आणि ते बोलत होतं. बारीक श्वासासारखं दोरातून येत होतं, जात होतं. मग डावीकडे कललं, खाली बघायला वाकल्यासारखं.

"ओलांडलं रे," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "ओलांडलं. आता सोडत नाही."

ती ओढत राहिली. तिला कशाचीही भीती वाटत नव्हती. आयुष्यात इतकी थोडी भीती तिला कधी वाटली नव्हती. उलट वाटत होतं, की दोर आणखी लांब असता तरी चाललं असतं.

मग दांडा जड झाला.

चढ वाढला, तिने स्वतःला सांगितलं. चढ वाढतोच काठापाशी. पण हा चढ तिला तोंडपाठ होता, आणि हे ते नव्हतं. धाकट्याचं ओझं जिथल्या तिथे होतं, हलत होतं, श्वास घेत होतं. त्याच्या बाजूला दुसरं होतं. पहिल्यापासून होतं, फक्त आता सगळं तिच्या अंगावर आलं होतं. ते हलत नव्हतं. वाकत नव्हतं. बूड सरकवत नव्हतं. तिला ते आठवत होतं. धुक्यातल्या त्या दुपारी रडकुंडीला येऊन ओढलं होतं, ते.

सोडावं असं तिला वाटलं. मग वाटलं, सोडलं तर दोघंही पोटात जातील. तोही जाईल. पुन्हा लटकेल, आणि तेही त्याच्याबरोबर.

"थोरले!" मागून काकूचा आवाज आला. ती दारात होती, हाताला पिठाचे डाग. "काय करतेस हे? कुणी सांगितलं तुला?"

"डबा वाजला."

काकू जवळ आली. धुक्याकडे पाहिलं, ताणलेल्या दोराकडे पाहिलं. रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "पोट ओलांडलंस?"

"हो."

"मग आता काय सोडता येतंय?" काकू पलीकडे गेली आणि दुसऱ्या दांड्याला तिने हात घातले. म्हातारी होती, पण पकड जुनी होती. एक वेढा झाला. दुसऱ्या वेढ्याला तिचे हात आवळले गेले आणि तिने मान वळवली.

"थोरले," ती हळू म्हणाली. "कोण कोण आहे गं?"

दोघी ओढत राहिल्या. तार कण्हत होती. पांढऱ्यातून आधी पाळण्याचा आकडा दिसला, मग कडी, मग खोकं. खाली, खूप खाली लोंबलेलं, आणि डावीकडे कललेलं. फळीवर कुणी नव्हतं. फळीवर दव होतं, सगळीकडे सारखं. दोन जागा सोडून. त्या कोरड्या होत्या. डाव्या कडेची लहान होती. दुसऱ्या जागेकडे काकूने पाहिलं आणि नजर खाली घातली.

पाळणा धक्क्याला लागला. थोरलीने खिडकीतून खुंटी घेतली, घातली. ती कुरकुरू लागली.

दोघी उभ्या राहिल्या. पाळणा जरासा वर उचलला गेला आणि सरळ झाला. कुरकूर हलकी झाली, पण थांबली नाही.

"झालं?" काकूने कुजबुजत विचारलं.

थोरलीने नकारार्थी मान हलवली. खुंटी कुरकुरत होती. धुकं खोलीत शिरत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी निवांत बसून राहावं आणि उठायची घाई नसावी, तसं.

मग पाळणा एकदम वर आला, आणि कुरकूर थांबली.

८

घर आणि रहाटाची खोली यांच्यामध्ये अंगण. ते अंगण ओलांडताना दोघींपैकी कुणी मागे पाहिलं नाही. काकू तिला दारापर्यंत सोडायला आली, पण पायरीवरच थांबली.

"चल माझ्याकडे," काकू म्हणाली. "आज तिकडंच झोप. दिवा लावू, गप्पा मारू. एकटी कशाला राहतेस?"

"एकटी नाहीये," थोरली म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की तिलाच दचकायला झालं.

तिने दार ढकललं. आत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर रिकामा कप होता, टेबलावर शेवटचं पान. सवयीने तिचा हात मागे गेला. दार लागायला हवं होतं, खट्. लागलं नाही. तिने ते धरलं होतं. ती बाजूला सरकली आणि तो उभा राहायचा तशी उभी राहिली, भिंतीला पाठ लावून.

गालावरून काहीतरी हलकं गेलं. औषधांचा तो जुना वास आला आणि विरला. आत खिडकीपाशी खुर्चीचा पाय जमिनीवर घासला, त्याला उजेडाकडे तोंड करून बसायला लागायचं तसा. आता दार लावता आलं असतं. तिला लावायचंच होतं. तिची बोटं कडीवर होतीही.

पण इतकी वर्षं तो दार धरून का उभा राहायचा, ते तिला आत्ता कळलं. त्याला आवडायचं म्हणून नाही. ज्याला आपणच नीट उतरवून घेतलं, त्याच्या तोंडावर दार लावता येत नाही म्हणून.

"अगं, दार कशाला उघडं टाकलंस?" पायरीवरून काकू म्हणाली. "सगळं धुकं आत जातंय."

"थांबा, काकू," थोरली म्हणाली. "एक आलाय. एक यायचंय."

काकू पायरीवरून खाली उतरली आणि वाट देऊन बाजूला उभी राहिली.